स्त्रीवादी वाचन, गोव्यातील जुन्या पुराणकाव्यांचे

अभिजात काव्यातील स्त्रीपात्रे केवळ आदर्श किंवा अधम नमुने न मानता, त्यांना बोलू कोण देतो, त्यांच्या कृतीचा अर्थ कोण लावतो आणि तो कोणत्या श्रोत्यांसाठी लावला जातो, हे तपासणारी समीक्षापद्धती. मराठीत तिचे बीज ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) या निबंधात सापडते. नवऱ्याच्या प्राणांसाठी सावित्री यमाच्या मागे गेली, पण बायकोसाठी तिथवर गेलेला पुरुष कोणी ऐकला आहे का, असा त्यांचा रोखठोक सवाल आहे. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ (१९६७) मधील गांधारी, कुंती व द्रौपदीवरील लेखांची बैठक मानववंशशास्त्राची असली, तरी पुढील अभ्यासकांनी त्यांचा आधार घेतला.

गोव्यापुरते पाहता या वाचनाचा मुख्य विषय थॉमस स्टीफन्स या पाद्र्याचे ‘ख्रिस्तपुराण’, म्हणजे मराठी ओव्यांत सांगितलेली बायबलकथा, होय. त्याच्या जोडीला कृष्णदास शामा (केळशी) यांची ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ (शके १४४८, इ. स. १५२६) आणि पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात असलेली रोमी (रोमन) लिपीतील कोंकणी-मराठी हस्तलिखिते येतात. ब्रागा संग्रहातील रामायण-महाभारताच्या कोंकणी गद्यकथा काही अभ्यासक शामा यांच्याच मानतात. त्या अनामिक धरून चालणे अधिक सुरक्षित वाटते.

संहितेचा प्रश्न : थॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) हा जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातला इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला व तिथल्या साष्टी भागात राहिला. त्याचे पुराण १६१६ मध्ये राशोल (रायतूर) येथे रोमी लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा निघाले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर याने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला. त्यानंतर ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांच्या नकलांतून. जोसेफ साल्ढाणा यांची मंगळूर आवृत्ती (१९०७) अशा नकलांवर उभी आहे आणि शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती (१९५६) मंगळूर आवृत्तीवर. लंडनमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितात पोर्तुगीज-लॅटिन शब्दांच्या जागी बहुतांशी संस्कृत वळणाचे शब्द आहेत. जस्टिन ॲबट यांनी १९२० च्या दशकात तीच मूळ संहिता ठरवली. १६१६ ची छपाई रोमीत झाली हे लक्षात घेता, ते नंतरचे लिप्यंतर व संस्करण असावे हे मत अधिक पटते. ग्रंथाचे दोन भाग आहेत : पैले (पहिले) पुराण ३६ अवस्वरूंचे (सर्गांचे), दुसरे ५९ अवस्वरूंचे, ओव्या सुमारे ११,०००. ही संख्या आवृत्तीगणिक बदलते, म्हणून ओवीक्रमांक देताना आवृत्तीचा उल्लेख अनिवार्य आहे.

स्त्रीपात्रांच्या अभ्यासकाने हा तपशील ओलांडून जाऊ नये, कारण लिपीचा दोष थेट व्याकरणात उतरतो. रोमी लेखनात शेवटचे अनुनासिक वेगळ्या अक्षराने दाखवतात आणि नक्कल करताना ते गळते. जुन्या मराठीत ‘ते’ म्हणजे ‘ती’ (स्त्रीलिंगी एकवचन) असू शकते, तसेच पुल्लिंगी अनेकवचनही. ‘तें’ नपुंसकलिंगी असते. एक खूण गळाली की सर्वनाम ‘ती’ या अर्थी आहे, अनेकवचनी आहे की नपुंसकलिंगी, हे ओवीच्या संदर्भावरून ठरवावे लागते. व्यंजनाच्या द्वित्वावरही भरवसा ठेवता येत नाही : ‘पुराण’ लिहिताना दुहेरी अक्षर ‘ण’ दाखवते, पण ‘पैलें’ मधले दुहेरी अक्षर ‘ळ’ दाखवत नाही, साधा ‘ल’च असतो. ब्रागा गद्य वाचताना उलट चूक होते. गोव्याच्या कोंकणीत मुलीला व तरुण स्त्रीला नपुंसकलिंगी सर्वनाम लावणे हा रोजचा प्रघात आहे; त्यातून कर्त्याची तुच्छता काढणारा मराठी वाचक फसतो.

वाचनाची रीत : प्रथम निवडलेल्या अवस्वरूतील प्रत्येक ओवीसमोर वक्ता नोंदवतात : निवेदक पाद्री, प्रश्नकर्ता, देव किंवा देवदूत, पुरुषपात्र, स्त्रीपात्र. जुन्या संहितेत अवतरणचिन्हे नसतात, त्यामुळे भाषण कुठे संपते हे ‘ऐसें म्हणौनि’ सारख्या जोडांवरून ओळखावे लागते. इथे सीमा चुकली की पाद्र्याचा उपदेश स्त्रीच्या तोंडी जातो. ग्रंथाची चौकट गुरु-श्रोता संवादाची आहे. श्रोत्यांतून पुढे येऊन शास्त्रपुराण मागणारा ब्राह्मण पुरुष आहे. स्त्रिया कथेत भरपूर आहेत, पण कथा मागण्याचा व शंका काढण्याचा अधिकार असलेल्या या जागेवर स्त्री बसत नाही, ही नोंद सर्वांत आधी करावी.

यानंतर मजकुराचे तीन थर वेगळे करतात : व्हल्गेट हे लॅटिन बायबल, चर्चची भाष्यपरंपरा आणि मराठी पुराणकाव्याचे संकेत (वर्णन, विलाप, दृष्टान्त). पहिला थर वगळून काढलेले निष्कर्ष हमखास चुकतात. एवा या बायबलमधल्या पहिल्या स्त्रीची कथा हे त्याचे ठळक उदाहरण. हिब्रू उत्पत्ती ३:६ मध्ये एवा फळ देते ते ‘तिच्यासोबत असलेल्या’ नवऱ्याला; व्हल्गेटमध्ये ‘तिच्यासोबत’ हे गळले आहे. त्यामुळे आदाम प्रलोभनाच्या प्रसंगातून बाहेर राहतो आणि एवा एकटी दोषी दिसते. उलट ३:१५ मध्ये सर्पाचे डोके ठेचणारे सर्वनाम हिब्रूत पुल्लिंगी आहे, ते प्रचलित व्हल्गेटमध्ये स्त्रीलिंगी झाले आणि विजयाचे श्रेय येशूची आई मारिया हिच्याकडे गेले. एकाच अध्यायातल्या या दोन पाठांमुळे ‘पतित एवा, उद्धारक मारिया’ ही जोडी लॅटिन वाचकाच्या हाती जवळजवळ तयारच येते. ती जोडी दुसऱ्या शतकातील जस्टिन मार्टर व इरेनियस या ख्रिस्ती लेखकांपासून चालत आली आहे. स्टीफन्सच्या स्त्रीद्वेषाचा किंवा स्त्रीदाक्षिण्याचा पुरावा म्हणून ती वापरता येत नाही. त्याचे स्वतःचे झुकते माप शोधायचे तर व्हल्गेटमध्ये नसलेल्या ओव्याच मोजाव्या लागतात.

मारियेच्या दुःखाच्या प्रसंगी हीच कसोटी उलट्या बाजूने उपयोगी पडते. योहानाच्या शुभवर्तमानात (१९:२५) ती क्रुसाजवळ उभी आहे, बोलत नाही. त्यामुळे तिथे तिच्या तोंडी येणारा प्रत्येक शब्द नंतरच्या थरांतला. मध्ययुगीन लॅटिन शोकगीते आणि मराठी विलाप यांपैकी कोणाचा वाटा किती, हे अलंकारांवरून तपासता येते. येशूची अनुयायी मग्दालेना हिचा गुंता जुना आहे : पोप ग्रेगरी पहिला याच्या ५९१ च्या सुमाराच्या प्रवचनाने लूकच्या शुभवर्तमानातील पापिणी, बेथानीची मारिया आणि मग्दालेना एक केल्या. स्टीफन्स ज्या परंपरेत घडला तिच्यात ही एकत्रित मग्दालेनाच प्रचलित होती. रोमन चर्चच्या सणवारांच्या पंचांगाने १९६९ मध्ये या एकीकरणापासून फारकत घेतली. पुनरुत्थानाची पहिली साक्ष तिची (योहान २०), हा भाग पश्चात्तापाच्या ओव्यांपासून वेगळा काढून वाचावा.

शामा यांच्या काव्यासाठी असे थर भागवताच्या दशम स्कंधाशी ताडून काढतात. त्या स्कंधाच्या कोणत्याही रूपांतरास रुक्मिणीचे पत्र ही चांगली कसोटी आहे : मूळ सात श्लोकांत (१०.५२) ती स्वतःचा निर्णय आणि पळवून नेण्याची योजना, दोन्ही सांगते. रूपांतरकाराने योजनेचा भाग आखडता घेऊन भक्तीचा वाढवला, की नायिका बाजूला सारली गेली असे समजावे.

स्त्रियांच्या मौखिक रचना : ग्रंथांशेजारी ओवी व धालो या गोव्यातील स्त्रियांच्या लोकनृत्याची गाणी ठेवून वाचण्याचा प्रघात योग्यच आहे. धालो पौषात मांडावर (ठरलेल्या अंगणात) रात्री होतात. स्त्रिया समोरासमोर दोन रांगा करून, एकमेकींच्या कमरेत हात गुंफून, गात पुढे-मागे सरकतात. पुराणातील ग्रांथिक ओवी आणि बायकांची गाण्याची ओवी एकाच घराण्यातल्या. पाद्र्याने पुराण ओवीतच रचले, तर इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) १७३६ च्या फर्मानाने लग्नसमारंभांत ओव्या गाण्यास मनाई केली, हा विरोधाभास अभ्यासकांनी नेमका हेरला आहे. मात्र मनाईवरून प्रथा चालू होती एवढेच ठरते. त्या ओव्यांत काय होते ते ठरत नाही. विसाव्या शतकात टिपलेली गाणी १६१६ च्या श्रोत्या स्त्रियांचा प्रतिसाद म्हणून उद्धृत करणे त्यामुळे टाळावे. त्यांचा उपयोग तुलनेपुरता करावा आणि गाणे कोणत्या गावात, कोणत्या प्रसंगी व केव्हा टिपले गेले याची नोंद प्रत्येक उताऱ्यासोबत द्यावी.