वारा सुटतो, शाळाही सुटते

जुलैतल्या एका संध्याकाळी कोल्हापुरात राजारामपुरीत बहिणीकडे बसलो होतो. बाहेर पाऊस कोसळत होता आणि नववीतली भाची एका पुस्तिकेतली इंग्रजी क्रियापदं घोकत होती. मध्येच थांबून म्हणाली, "मामा, हे चुकीचं छापलंय की. 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे गजर वाजला, आणि 'द लाईट्स वेंट ऑफ' म्हणजे दिवे गेले. मग ऑफ म्हणजे चालू का बंद?"

छापलेलं बरोबर होतं. पण पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत सूचना होती की, फ्रेझल व्हर्बमध्ये तर्क शोधू नका, सरळ पाठ करा. ही सूचना मात्र चुकीची आहे. वर्षानुवर्षं ती आपल्या मुलांच्या माथी मारली जातेय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फ्रेझल व्हर्ब म्हणजे गो, कम, रन, पुट, टेक असं रोजच्या वापरातलं क्रियापद आणि त्याच्यानंतर अप, डाऊन, ऑन, ऑफ, आऊट यांच्यासारखा एखादा चिमुकला शब्द. आपली नजर क्रियापदावर जाते, आणि तिथंच फसगत होते. 'गो' हा शब्द वापरून वापरून पार गुळगुळीत झालेला आहे. एका जागेवरून किंवा एका अवस्थेतून हलणं, एवढाच अर्थ त्यात उरलाय. असे शब्द किती झिजतात बघा. 'गो'चं भूतकाळी रूप 'वेंट' हे मुळात त्याचं नाहीच, ते 'वेंड' नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाकडून आलं. आपल्याकडेही तसंच आहे. 'जातो' संस्कृतातल्या 'याति'वरून आला आणि 'गेला' आला 'गत'वरून, म्हणजे वेगळ्याच धातूवरून. हजारो मैल दूर असलेल्या दोन भाषांनी 'जाणे'ला ठिगळ लावलं ते एकाच जागी.

तेव्हा खरा अर्थ त्या चिमुकल्या शब्दात शोधायचा. जुन्या इंग्रजीत ऑफ आणि आज 'चा-ची-चे'साठी वापरतात तो 'ऑव्ह' हा एकच शब्द होता, आणि त्याचा अर्थ '-पासून दूर'. जोर देऊन उच्चारला जाई तो ऑफ झाला, जोर न देता उच्चारला जाई तो ऑव्ह राहिला. सतराव्या शतकाच्या सुमारास दोघांची स्पेलिंगं पक्की वेगळी झाली. मूळ अर्थ ऑफने टिकवला. चिकटलेलं, टेकलेलं, धरून ठेवलेलं काहीतरी अलग होणं. याला मराठीत नेमका शब्द आहे, सुटणे.

आता हा सुटणे तपासून बघा. वारा सुटला म्हणजे सुरू झाला. शाळा सुटली म्हणजे संपली. घाम सुटतो तेव्हा यायला लागतो, व्यसन सुटतं तेव्हा बंद होतं. सुटणे म्हणजे सुरू की बंद, असा प्रश्न आपल्याला जन्मात कधी पडलेला नाही. कारण सुटण्याआधी ती गोष्ट कशाला धरून होती, हे आपण न सांगता लक्षात घेतो.

चावीचं जुनं गजराचं घड्याळ ज्यांनी उघडून पाहिलंय त्यांना हे लगेच दिसेल. त्यात दोन स्प्रिंगा असतात, एक काटे फिरवणारी आणि एक घंटीची. रात्री आपण घंटीच्या स्प्रिंगला पीळ देतो आणि एक अडसर तो पीळ रात्रभर धरून ठेवतो. ठरलेली वेळ झाली की अडसर बाजूला होतो, पीळ सुटतो आणि हातोडी घंटीवर बडवू लागते. बंदुकीचं तेच, उंदराच्या सापळ्याचं तेच. फटाक्यातही रासायनिक ऊर्जा दाबून भरलेली असते, ठिणगी पडेपर्यंत गप्प. या सगळ्यांना इंग्रजीत 'गो ऑफ' लागतं. या वस्तूंच्या पोटात ऊर्जा आधीच साठवलेली आहे आणि कुणीतरी ती धरून ठेवलेली आहे. धरणारा सुटला की आवाज होतो.

दिव्याच्या पोटात असं काही साठवलेलं नसतं. त्याचं जळणं क्षणाक्षणाला तारेतून येणाऱ्या विजेवर टिकून असतं, आणि तो आधार सुटला की अंधार. पंखा, हीटर यांचंही तसंच. म्हणजे ऑफ दोन्हीकडे एकच गोष्ट सांगतो, की जे धरलेलं होतं ते सुटलं. पुढे काय होणार हे त्या वस्तूवर अवलंबून आहे. ऊर्जा साठवणारी वस्तू सुटली की उसळते, ऊर्जा बाहेरून घेणारी सुटली की थांबते. ब्रिटिश लोक नासलेल्या दुधालाही 'वेंट ऑफ' म्हणतात. तिथं दूध सुटलंय ते आपल्या चांगल्या अवस्थेपासून. आज मोबाईलच्या गजरात स्प्रिंग नाही, अडसर नाही, पण शब्द राहिला.

हे भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग फटाका उडाला आणि बल्ब उडाला, हे पण तसंच की!" अगदी तसंच. एक उडाला की लखलखाट, दुसरा उडाला की काळोख. मला हे सुचलं नव्हतं.

संस्कृत शिकलेल्यांना हा खेळ जुनाच वाटेल. शाळेतला श्लोक आठवा: 'उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते । प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥' उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीनं दुसरीकडे ओढून नेतो. 'हृ' म्हणजे नेणे, त्याच्याआधी प्र, आ, सम्, वि, परि लावले की मारापासून जेवणापर्यंत काहीही होतं. 'गम्' म्हणजे जाणे. त्याचे आगमन, निर्गमन, उद्गम हे तर आपले रोजचे शब्द आहेत. प्रयाग चिखलीला जिथं नद्या मिळून पंचगंगा होते त्या जागेला आपण संगम म्हणतो, म्हणजे शब्दशः 'एकत्र जाणं'.

फरक एवढाच, की संस्कृतात हा चिमुकला शब्द धातूच्या आधी चिकटतो आणि इंग्रजीत क्रियापदानंतर सुटा राहतो. पण वैदिक भाषेत तोही सुटा होता! ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात सातवी ऋचा आहे: 'उप त्वाग्ने दिवेदिवे दोषावस्तर्धिया वयम् । नमो भरन्त एमसि ॥' इथं 'उप' ओळीच्या सुरुवातीला आणि त्याचं क्रियापद 'एमसि', म्हणजे 'आम्ही येतो', पार शेवटी. पाणिनीनं हे टिपून ठेवलंय. 'ते प्राग्धातोः', उपसर्ग धातूच्या आधी येतात. 'छन्दसि परेऽपि', वेदात नंतरही येतात. 'व्यवहिताश्च', आणि मध्ये दुसरे शब्द घालूनही येतात. इंग्रजीत मीटिंग पुढे ढकलायची तर 'पुट ऑफ द मीटिंग' चालतं, 'पुट द मीटिंग ऑफ'ही चालतं, पण मीटिंगऐवजी सर्वनाम आलं तर 'पुट इट ऑफ' असंच म्हणावं लागतं, 'पुट ऑफ इट' चालत नाही. जुनी, माहीत असलेली, हलकी गोष्ट मध्ये दडपायची आणि नव्या माहितीला शेवटची जोरदार जागा द्यायची, असा इंग्रजी वाक्याचा कल असतो, त्यातून हे आलंय. 'गो' अकर्मक असल्यामुळे 'गो ऑफ'मध्ये ही भानगडच येत नाही, कारण मध्ये घालायला कर्म नसतं.

पाणिनीचं नाव निघालं की हल्ली कुणीतरी हमखास म्हणतं, नासानं संस्कृत ही संगणकाची सर्वोत्तम भाषा ठरवलीय. असं काही ठरलेलं नाही. नासाच्या एका संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज यांचा १९८५ सालचा एक लेख आहे. वाक्याचा अर्थ उलगडून मांडण्याची संस्कृत वैयाकरणांची पद्धत कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या ज्ञान मांडण्याच्या पद्धतीशी जुळते, असं त्यात म्हटलंय. एवढ्यावरून ही अफवा उठली. पाणिनीला अशा प्रमाणपत्राची गरज नाही. वरची तीन सूत्रं वाचली तरी त्याची नजर किती बारीक होती ते कळतं.

मग मराठी मुलाला हे जड का जातं? लेनर्ड टाल्मी या भाषावैज्ञानिकानं १९८५ साली एक फरक मांडला. हालचालीची दिशा काही भाषा क्रियापदातच ठेवतात, तर काही सुट्या शब्दात. आपण चढलो, उतरलो, निघालो, शिरलो म्हणतो, दिशा क्रियापदातच येते. खासबाग मैदानात एखादा पैलवान लंगडत बाहेर पडला, हे इंग्रज 'लिम्प्ड आऊट' म्हणून सांगेल. त्याचं लंगडणं क्रियापदात आहे आणि बाहेर पडणं 'आऊट'मध्ये. आपला कल नेमका उलटा. त्यामुळे मराठी मुलाचं लक्ष क्रियापदावर खिळतं आणि चिमुकला शब्द सजावट वाटतो. त्याच वर्षी हिब्रू बोलणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेही फ्रेझल व्हर्ब टाळून त्याजागी एकशब्दी क्रियापद वापरत होते. आपणही मीटिंग 'पोस्टपोन' करतो, 'पुट ऑफ' करत नाही.

पण एका बाबतीत मराठी मूल आधीच पुढे आहे. ईव्ह क्लार्क यांनी १९७४ साली दाखवलं की इंग्रजीत नेहमीच्या, ठीक अवस्थेकडे परतणं 'कम'नं सांगतात आणि तिच्यापासून ढळणं 'गो'नं. माणूस 'गोज मॅड', शुद्धीवर आला की 'कम्स टू'. बोलणारा स्वतः जिथं उभा आहे ती जागा ठीक धरतो, आणि तिच्याकडे होतं ते येणं. मराठीत भान जातं आणि माणूस भानावर येतो. काम हाताबाहेर जातं आणि आटोक्यात येतं. पावसाळ्यात आपण सगळेच पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचे आकडे बघत असतो, ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पातळी वाढली की इंग्रजीत 'वेंट अप', ओसरली की 'वेंट डाऊन' म्हटलं तरी चालतं. पण नदीकाठी घर असलेला माणूस 'केम डाऊन' म्हणेल. हा कल आहे, नियम नाही. तर्क कळला म्हणून प्रत्येक अर्थ आधीच ओळखता येईल असंही नाही. 'आ' आणि 'हृ' माहीत असून 'आहार' म्हणजे जेवण हे कुणाला ओळखता आलं असतं?

हे बोलणं चालू असतानाच लाईट गेली. भाचीनं अंधारातच विचारलं, "मामा, लाईट जाते तशी येते पण. मग येते तेव्हा कम काय?"

"तूच सांग."

पाचेक मिनिटांनी लाईट आली. "कम ऑन!" ती ओरडली आणि तिनं पुस्तिका उघडली. 'कम ऑन'समोर 'चल, लवकर!' एवढाच अर्थ छापलेला होता. तिनं खाली पेन्सिलीनं दुसरा लिहिला.