पाईनच्या मुळांवरची पांढरी बुरशी धुवायची का?

रिपॉटिंग करताना, म्हणजे झाडाची कुंडी नि माती बदलताना, पाईनच्या मुळांवर पांढरी बुरशी दिसली तर रोग समजा, सगळी माती धुऊन टाका, असा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे, कडक भाकरीला ओल लागून बुरशी आली की आपण फेकतोच की. पण जपानी ब्लॅक पाईनच्या मुळांवरची ती पांढरी जाळी बहुतेक वेळा मायकोरायझा असते, म्हणजे मुळांशी भागीदारी करणारी बुरशी, ती झाडाला पाणी नि फॉस्फरस ओढून देते आणि झाड तिला साखर देतं, मग ती धुतली तर नुकसान झाडाचंच.

ओळखायचं कसं? आधी वास घ्या. मशरूमसारखा आला तर ठीक. मग मूळ चिमटीत दाबा, घट्ट असलं तर चांगलंय, काळं, गिळगिळीत, साल हातात सुटून येणारं नि कुजका वास असलेलं मूळ सडलेलं, तेवढंच कापा. जुनी माती एका बाजूची अर्धीच काढा, बाकीची पुढच्या रिपॉटिंगला. सोलापुरात हे जानेवारी-फेब्रुवारीतच उरका, एप्रिल-मेच्या 40 अंशांपुढच्या उन्हात कापलेली मुळं पाणी ओढणार कशी? आणि त्याच वर्षी वरचे नवे कोंब छाटायची घाई पण नको.