गवतावर पोसलेलं साम्राज्य

मंगोल फौजेचं इंधन म्हणजे गवत. स्वारामागे तीन ते पाच घोडे. एक दमला की दुसऱ्यावर मांड. 10,000 स्वारांच्या तुकडीला 'तुमेन' म्हणत. माणशी पाच घोडे धरले तर एका तुमेनचे 50,000 होतात. मंगोल घोडा चणीने लहान, तरी त्याला दिवसाला सहा-सात किलो सुका चारा आणि वीसेक लिटर पाणी लागतंच. म्हणजे रोज तीनशेहून अधिक टन चारा, दहा लाख लिटर पाणी. एवढं गाड्यांवर लादून नेता येत नाही. त्यामुळे कुरण संपलं की मोहीमही संपे.

खांगाई पर्वतातल्या जुन्या पाइन वृक्षांच्या खोडांतली वलयं सांगतात, की 1211 ते 1225 ही वर्षं मंगोलियात विलक्षण पावसाची होती. पण नुसत्या पावसाने साम्राज्य उभं राहत नाही (पाऊस शेजारच्या टोळ्यांवरही पडतोच). चंगीझ खानाने 1206 नंतर टोळ्या फोडून माणसं दहा, शंभर, हजारांच्या तुकड्यांत विभागली. तुकडी सोडणाऱ्याला देहदंड. लढाई जिंकेपर्यंत लुटीला हात लावायचा नाही, नंतर ठरल्याप्रमाणे वाटणी.

घोळ या वाटणीतच होता. वाटायला लूट हवी, लुटीसाठी नवा प्रदेश हवा. नवा प्रदेश मिळेनासा झाला की उरतो शेतसारा, आणि तो वसूल करायला कारकून, धान्यकोठारं, शहरं लागतात. उत्तर चीनची शेतं मोडून कुरणं करावीत, असा विचार काही मंगोल सरदारांनी मांडला होता. येलू चुत्साई या मंत्र्याने कराचा हिशेब मांडून चंगीझचा मुलगा आणि वारस ओगदेई खान याला त्यापासून परावृत्त केलं.

वारसाहक्काचा नियम धड नव्हताच. चंगीझच्या वंशातला कुणीही दावेदार, निवड कुरुलताई या सरदारांच्या सभेत. 1259 मध्ये चंगीझचा नातू मोंगके खान वारला. ती बातमी आली तेव्हा त्याचा भाऊ हुलागू सीरियात मोहिमेवर होता. हुलागूने बहुतेक फौज मागे घेतली. वारसाचा पेच हे एक कारण. दुसरं त्याने स्वतःच फ्रान्सच्या राजाला पत्रात कळवलं: चारा उरला नव्हता. मागे राहिलेल्या छोट्या फौजेचा 1260 मध्ये पॅलेस्टाइनमधल्या ऐन जालूत इथे इजिप्तच्या मामलुक सुलतानाच्या सैन्याने पराभव केला.

तिकडे कुबलाई आणि अरिक बोके हे मोंगकेचे सख्खे भाऊ खानपदासाठी लढत होते. काराकोरम या राजधानीला धान्य चीनमधून येई. कुबलाईने ती रसदच तोडली. 1264 मध्ये अरिक बोके शरण आला. पण तोवर हुलागू आणि व्होल्गाकाठच्या मंगोल राज्याचा खान बेरके हे चुलतभाऊही कॉकेससमध्ये एकमेकांवर चालून गेले होते.