पावसाविना ठिबकणारे छप्पर

कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा जुन्या वस्त्यांतील काही घरांवर कौले उतरवून पत्रे घातले गेले आहेत. अशा घरात ऐन डिसेंबरात पहाटे छत ठिबकू लागले, की पत्रा गळतो असे समजून खिळ्यांभोवती डांबर लावले जाते आणि वास्तुदोषावर उपाय सुचवणारेही भेटतात. प्रत्यक्षात हे पाणी घरातल्याच हवेतले असते. घराच्या दिशेशी त्याचा काडीचाही संबंध नसतो.

स्वयंपाक, आंघोळ आणि श्वास यांतून हवेत बाष्प मिसळत राहते. खोलीचे तापमान २२ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असेल, तर एका घनमीटर हवेत सुमारे १३.६ ग्रॅम बाष्प असते. हीच हवा १६ अंशांपर्यंत थंड झाली की तेवढ्याच बाष्पाने ती संपृक्त होते, म्हणजे आणखी बाष्प तिच्यात मावत नाही. त्याखालच्या तापमानाच्या पृष्ठभागाला ती टेकली, की जास्तीचे बाष्प पाणी होऊन तिथेच बसते. निरभ्र, कोरड्या रात्री पत्रा आकाशाकडे अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता टाकत राहतो, आकाशाकडून परत मिळणारी उष्णता मात्र थोडी असते, म्हणून तो बाहेरच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होतो. ढगाळ रात्री असे फारसे घडत नाही. गळतीचा डाग एका भोकाभोवती पसरतो. बाष्पाचे थेंब मात्र पत्र्याच्या सगळ्या खालच्या अंगावर बारीक दाटतात, पन्हळीतून ओघळून आडव्या पट्टीपाशी ठिबकतात आणि ऊन चढले की नाहीसे होतात.

यावर पत्र्याखाली नुसते ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापसासारखा थर) भरणे पुरेसे नाही, कारण त्याच्या तंतूंमधून बाष्प सहज वर जाते आणि पत्रा तर आता खोलीची ऊब तुटल्याने अधिकच थंड असतो. उष्णता अडवते ती तंतूंमधली स्थिर हवा. पाणी तिच्यापेक्षा वीसपटींहून अधिक उष्णतावाहक असल्याने भिजलेला थर निकामी होतो. म्हणून बाष्परोधक पडदा खोलीच्या बाजूला, सांधे चिकटवून लावावा, पत्रा आणि थर यांच्यामध्ये वळचणीपासून आढ्यापर्यंत वारा खेळेल अशी पोकळी ठेवावी आणि स्वयंपाकघरातला पंखा वाफ पोटमाळ्यात न सोडता थेट घराबाहेर सोडेल असा बसवावा.

मंगलोरी कौलांच्या छपराला ही पोकळी फटींमुळे आपोआप मिळते. तिथे कौलांना चिकटून प्लास्टिक अंथरले, तर पावसात कौलांनी शोषलेले पाणी खालून सुकत नाही आणि रिपा कुजू लागतात.