बर्टनच्या जड पाण्याची कडू बिअर

इंग्लंडच्या पबमधली बिटर म्हणजे तांबूस, कमी फेसाची, कडवट बिअर. ब्रुअरीवाले तिला पेल एल, म्हणजे फिकट बिअर, म्हणायचे, बिटर हे नाव गिऱ्हाइकांनीच पाडलं, कारण शेजारच्या पिंपातली माइल्ड गोडसर असायची. कडूपणा हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा हे खरंच, पण मला विचाराल तर निम्मं श्रेय बर्टन अपॉन ट्रेंट गावच्या विहिरींना द्यायला हवं.

आपल्याकडे बोअरचं पाणी जड असलं की डाळ शिजता शिजत नाही, बर्टनचं पाणी तसलंच. जमिनीखाली जिप्सम आहे, ज्याचं पीओपी होतं तेच, त्यामुळे पाण्यात कॅल्शियम आणि सल्फेट भरपूर. आता गंमत बघा, डाळीला नडणारं हे कॅल्शियम बिअरला मात्र मानवतं! माल्टमधल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या, फॉस्फेटशी त्याची रिअ‍ॅक्शन होते, मिश्रण जरासं आम्लाकडे झुकतं, मग धान्याच्या सालीतला तुरटपणा कमी उतरतो, बिअर नितळ होते, आणि सल्फेटमुळे हॉप्सचा कडूपणा कसा कोरडा, खणखणीत लागतो.

हॉप्सचंही ऐकण्यासारखं आहे. त्यातली अल्फा अ‍ॅसिड्स मुळात पाण्यात नीट विरघळतही नाहीत, पण तासभर खळखळ उकळलं की रेणूची रचना बदलते आणि तेव्हा कुठे खरा कडूपणा येतो. बिअर नासवणाऱ्या जंतूंना हीच द्रव्यं रोखतात, म्हणून तर जहाजातून मुंबई-कलकत्त्याला येणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स सढळ हाताने घालायचे. हा धंदा आधी लंडनच्या हॉजसन या ब्रुअरीवाल्याकडे होता, मग 1822 च्या सुमारास बर्टनच्या ऑलसॉपने त्यात उडी घेतली, त्याच्या माणसाने पहिला नमुना चहाच्या किटलीत बनवला अशी गोष्ट सांगतात. पाठोपाठ बर्टनचीच बास ब्रुअरीही उतरली. 1839 मध्ये गावात रेल्वे आली आणि ही बिअर इंग्लंडभर पोचायला लागली.

लंडनच्या पाण्यात कार्बोनेट जास्त, त्यात काळी पोर्टर झकास व्हायची पण अशी फिकट बिअर जमेना, म्हणून मोठमोठ्या लंडनवाल्यांनी सरळ बर्टनलाच ब्रुअरी थाटल्या. पुढे 1878 मध्ये व्हिन्सेंट नावाच्या केमिस्टने साध्या पाण्यात जिप्सम मिसळून बर्टनचं पाणी बनवायची युक्ती दाखवली, त्याला आजही बर्टनायझेशनच म्हणतात.

खास बर्टनच्या ग्लासला मात्र अजून एक खूण असते, पिंपातून ताजी ओतली की क्षणभर काडेपेटीची काडी ओढल्यासारखा गंधकाचा वास येतो, आणि जुने पिणारे आधी तो हुंगतात, मगच पहिला घोट घेतात.