प्राइझ फिगर आणि स्केल फिगर: दोन्ही खऱ्या, मग किंमतीत एवढं अंतर का?

मालवणच्या आमच्या घरी बाहेरच्या खोलीत काचेचं कपाट आहे. त्यात हात्सुने मिकू या जपानी काल्पनिक गायिकेच्या दोन फिगर, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या मूर्ती, शेजारी शेजारी उभ्या आहेत. उंची जवळपास सारखी, केस तसेच निळसर हिरवे, दोन्ही बाजूंना लांब सोडलेले. एक 2,800 रुपयांना मिळाली, दुसरी सगळं धरून 19,000 ला पडली. गणपतीत भाचा आला, बराच वेळ काचेला नाक लावून उभा राहिला आणि म्हणाला, "गे मावशे, दोनय सारकेच दिसतत. मगे ह्येका इतके पैशे कित्याक?"

नव्याने फिगर जमवू लागलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो, आणि बहुतेक जण 'स्वस्त ती नकली, महाग ती असली' असं उत्तर स्वतःच ठरवून टाकतात. ते साफ चुकीचं आहे. माझ्या दोन्ही मिकू असली आहेत, परवाना घेऊन बनवलेल्या. स्वस्त आहे ती प्राइझ फिगर, महाग आहे ती स्केल फिगर.

प्राइझ म्हणजे बक्षीस. आंगणेवाडीच्या जत्रेत रिंग टाकून वस्तू जिंकायचा खेळ असतो ना, त्यातलीच ही जात. जपानमधल्या गेम सेंटरमध्ये लोखंडी पंजाची यंत्रं असतात. नाणं टाकायचं, पंजा फिरवायचा आणि खोकं खाली पाडायचं. सेगा या जपानी गेम कंपनीने 1985 मध्ये आणलेलं 'यूएफओ कॅचर' हे त्यातलं सर्वांत गाजलेलं यंत्र. बनप्रेस्टो, सेगा, टायटो, फुर्यू हे ब्रँड या यंत्रांसाठी फिगर काढतात. अशा बक्षिसाची किंमत किती असावी याला जपानमध्ये मर्यादा आहे: आधी साधारण 800 येन, 2022 पासून साधारण 1,000 येन. म्हणजे इथे किंमत आधी ठरते आणि तेवढ्यात जे बसेल ते बनतं. खर्च भरून निघावा म्हणून नग प्रचंड संख्येने काढतात. जिंकणाऱ्यांतले बरेच जण ती फिगर जुन्या मालाच्या दुकानात विकून टाकतात आणि तिथून ती आपल्यापर्यंत येते.

स्केल फिगरचं गणित उलट्या बाजूने सुरू होतं. आधी मूर्ती ठरते, मग तिला किती खर्च येईल ते. गुड स्माइल, आल्टर, कोटोबुकिया, मॅक्स फॅक्टरी ही यातली मोठी नावं. मूळ नमुना घडवणाऱ्या शिल्पकाराचं नाव बहुतेकदा खोक्यावर छापलेलं असतं, आणि मला ते फार आवडतं. 'स्केल' म्हणजे प्रमाण. मिकूची अधिकृत उंची 158 सेंटीमीटर. तिची 1/7 फिगर साधारण साडेबावीस सेंटीमीटर भरते, 1/8 असेल तर वीसच्या जरा आत. खोक्यावर असा अपूर्णांक असला तर ती स्केल. प्राइझ फिगरवर सहसा नुसती उंची असते, आणि तीही जवळपास तेवढीच, म्हणून घोटाळा होतो. त्यात नावं भर घालतात. सेगाच्या एका प्राइझ मालिकेचं नावच 'सुपर प्रीमियम फिगर' आहे. ते वाचून कोणीही समजेल की ही वरच्या दर्जाची, पण ती पंजाच्याच यंत्रातली.

आता दोन्ही मिकू हातात घेऊन बघा. डोळे बघून काही कळणार नाही, कारण डोळे दोन्हीकडे यंत्राने छापलेले असतात आणि अलीकडच्या प्राइझ फिगरचे डोळे फार सुबक निघतात. केसांची टोकं बघा. माझ्या स्केल मिकूच्या केसांचा रंग टोकाकडे हळूहळू पातळ होत जातो आणि शेवटची बोटभर बट अर्धपारदर्शक आहे. सकाळचं ऊन खिडकीतून आलं की ती टोकं उजळतात. प्राइझ मिकूचे केस मुळापासून टोकापर्यंत एकाच रंगाचे, आणि डोक्याच्या बाजूने साच्याचे दोन भाग जोडल्याची बारीक रेघ नखाला लागते. स्केलच्या स्कर्टच्या घडीत गडद छटा मारलेली आहे, प्राइझच्या घडीत सावली पडेल तेवढीच. गणपतीच्या शाळेत गेलं की हेच दिसतं. साच्यातून निघालेल्या दोन मूर्ती सारख्याच असतात, पण एकीचे दागिने वेगळे घडवून लावलेले, शेल्याच्या काठाला तीन रंग, आणि दुसरी एका हाताच्या रंगावर उरकलेली. मोल त्या जास्तीच्या हातांचं असतं.

नकली माल मात्र वेगळीच गोष्ट आहे, आणि तो नेमका प्राइझच्या किंमतीत किंवा त्याहून खाली विकला जातो. माझी अगदी पहिली फिगर तशीच निघाली. चेहरा तुपकट चकाकत होता, खोकं उघडताच रॉकेलसारखा वास आला आणि पाय बैठकीच्या खुंटीत बसेना. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि हक्काची (© खुणेची) ओळ आहे का ते आधी बघा. तोएई अॅनिमेशन या जपानी कार्टून कंपनीच्या पात्रांची जपानी फिगर असेल तर सोनेरी किंवा चंदेरी चकचकीत स्टिकरही शोधा. विक्रेता खऱ्या खोक्याचा फोटो पाठवायला टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा.

खिशाचं म्हणाल तर 3,000 रुपयांत चांगली प्राइझ फिगर येते आणि पहिली खरेदी तीच असावी, असं माझं ठाम मत आहे. फुर्यूच्या 'नूडल स्टॉपर' फिगर बघा. कप नूडलचं झाकण दाबून बसावी म्हणून बनवलेली बसकी मूर्ती, फळीच्या कडेवर पाय सोडून मजेत बसते. मधला टप्पा हवा असेल तर गुड स्माइलची 'पॉप अप परेड' आहे. 2019 मध्ये सुरू झाली तेव्हा साधारण 3,900 येनची होती, उंची 17-18 सेंटीमीटर. स्केल घ्यायची तर आगाऊ नोंदणी करून आठ-दहा महिने, कधी वर्षभर थांबायची तयारी ठेवा. भारतात खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्क्यांवर आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर गेलं. त्यामुळे येनमधली किंमत रुपयांत बदलून तेवढ्यावर हिशेब करू नका. पार्सल दारात आल्यावर भरावे लागणारे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.

आणि आपल्याकडे खरी परीक्षा पावसात होते. जून ते सप्टेंबर खाऱ्या दमट हवेत खोक्यांच्या पुठ्ठ्याला बुरशी धरते, कसर लागते. स्केल फिगर पुढे विकायची झाली तर खोकं चांगलं असेल तरच भाव येतो. प्राइझच्या खोक्याला तेवढी किंमत नसते. माझं एक खोकं माळ्यावर ठेवलं होतं, ऑगस्टमध्ये काढलं तर तळ ओला आणि काळे ठिपके. तेव्हापासून खोकी प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, लोखंडी कपाटात असतात.

फिगरचं मात्र उलट. त्या पीव्हीसीच्या असतात, आणि पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेला तेलकट पदार्थ उष्ण, कोंडलेल्या जागेत पृष्ठभागावर येतो. हात लावला की चिकट लागतं, त्यावर धूळ बसते. प्राइझ आणि स्केल, दोघींना हे होतं. त्यात किंमत आडवी येत नाही. म्हणून कपाट अगदी हवाबंद करू नका, दार अधूनमधून उघडा ठेवा. चिकटपणा आलाच तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा आणि सावलीत वाळवा. पाणी गरम नको, पीव्हीसी वाकतं. एका पायावर उभी असलेली फिगर मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवली तर ती नुसत्या उष्णतेनेही कलते. उन्हाची तिरीप रोज पडत असेल तर रंग फिका होतो, म्हणून ती केसांची उजळणारी टोकं मी रविवारी सकाळी दहा मिनिटं बघते आणि पडदा ओढते.

भाच्याने शेवटी स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून बसकी नूडल स्टॉपर मिकू घेतली. अभ्यासाच्या टेबलावर पुस्तकांच्या ढिगावर ती पाय सोडून बसली आहे. परवा त्याचा फोन आला होता. मानेवर साच्याची रेघ दिसते, ती घासून काढू का, असं विचारत होता. म्हटलं, अजिबात नको, घासलंस तर त्याच्या शेजारचा रंगही जाईल.