सुपातून आलेला फॅन

एप्रिल लागला की सांगलीत आमच्या घरी एक वाद ठरलेला. बाजारात जाताना आई पंखा चालूच ठेवते. "राहू दे की, आल्यावर खोली गार लागंल." पंख्यानं खोली गार होत नाही, हे तिला पटत नाही. उलट छताचा साधा पंखा सत्तर-पंच्याहत्तर वॅट वीज खातो आणि ती सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीतच उरते.

गार होतो तो माणूस. एक ग्रॅम घाम वाळताना अंगातून जेवढी उष्णता नेतो, तेवढ्यात जवळपास सहा ग्रॅम बर्फगार पाणी उकळीला येईल. पण अंगालगतची हवा वाफेनं भरली की घाम वाळायचा मंदावतो. पंखा ती दमट हवा हटवतो, एवढंच त्याचं काम. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, म्हणून ते जमतं. तोच पंखा कोकणात लावा, चिकचिक हटता हटत नाही.

गंमत म्हणजे 'फॅन' या शब्दाचा गारव्याशी मुळात संबंधच नव्हता. लॅटिनमध्ये 'व्हॅनस' म्हणजे धान्य पाखडायचं सूप. त्यावरून इंग्रजीत फॅन आला. हातातला पंखा, मग विजेचा, हे अर्थ नंतरचे. आपला पंखा आला पंखावरून, त्यांचा सुपातून.

हे वाचलं आणि आजोळचं खळं डोळ्यांपुढं आलं. शाळूची मळणी झालेली. आजी तिपाईवर उभी, सूप डोक्याच्या वर, दाण्यांची बारीक धार. जोंधळा सरळ पायाशी पडायचा, भुसकट चार हात लांब. दोन्हींवर वारा तोच. पण दाणा वजनाच्या मानानं आटोपशीर, झपकन खाली येतो. भुसकट हलकं आणि पसरट, हवा त्याला अडवते, ते रेंगाळतं आणि तेवढ्या वेळात वारा त्याला पळवतो. वारा पडला की आजी सूप खाली ठेवून पान खायची. पुढं मामानं खळ्यावर टेबलफॅन आणला. शब्द आपल्या माहेरी परत आला म्हणायचा!

हीच करामत उलटी पाहायची तर साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीच्या पठारावर जावं. पंखा वीज घेऊन वारा देतो, तिथल्या पवनचक्क्या वारा घेऊन वीज देतात. सगळा वारा मात्र हाती लागत नाही. पात्यांनी त्यातली पूर्ण शक्ती काढली तर हवा तिथंच थांबेल आणि मागची पुढं सरकणार नाही. म्हणून 59.3 टक्के ही कमाल मर्यादा, पाती कितीही चांगली घडवा.

राहिला क्रिकेटचा फॅन. त्याचं कुळ वेगळं. तो 'फॅनॅटिक'चा तुकडा, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'फानम', म्हणजे देऊळ. देवानं झपाटलेला, अंगात आलेला, तो फॅनॅटिक. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत बेसबॉलवेड्यांना हा आखूड शब्द चिकटला. विजय हजारे 1915 साली सांगलीत जन्मले, स्मृती मानधना इथंच वाढली. त्यामुळं अंगात येणाऱ्यांची इथं वानवा नाही. स्मृती खेळायला उतरली की आई पंखा पाचवर करून टीव्हीपुढं बसते. तेवढा वेळ मी वीजबिलाचा विषय काढत नाही.